तार सुटलेलं

माझी आई दुसऱ्याच्या घरचं कालवण पळीनं उचलून बघितल्याशिवाय घेत नाही. पळी भरायची, वर धरायची आणि खाली पडणाऱ्या धारेकडे बघायचं. धार तुटली तर अन्न चांगलं. तुटायच्या ऐवजी बारीक चिकट तार लोंबत राहिली तर तार सुटली, म्हणजे नासलं. यात तिचं एकटीचं असं शास्त्र काही नाही. पाकाला तार आली की बाई खूश, वरणाला आली की पातेलं मोरीत, हे कुठल्याही मराठी स्वयंपाकघरात चालतं. फरक एवढाच, की बाकीच्या बायका ही परीक्षा आपल्या ओट्यापाशी घेतात. आई ती देणाऱ्याच्या ओट्यापाशी घ्यायची, देणाऱ्याच्या डोळ्यांदेखत.

तीस वर्षं तिनं सदाशिव पेठेत धुणीभांडी केली. तिचं माहेर खडकवासल्याच्या पलीकडचं. तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, छप्पन्न साली धर्म बदलला तेव्हा घराला एक नियम घालून दिला: कुणाच्या दारचं शिळं-उष्टं या घरात यायचं नाही. बुद्धाची मूर्ती बरीच नंतर आली, नियम आधी आला. आईनं लग्नानंतर माहेरची भांडी आणली नाहीत, पण हा नियम आणला.

मी नऊ-दहा वर्षांची असताना सुट्टीत तिच्याबरोबर कामावर गेले होते. घरच्या बाईंनी झाकण ठेवलेलं पातेलं पुढं केलं. "मावशी, हे वरण घेऊन जा. चांगलं आहे, कालचंच आहे." आईनं झाकण काढलं, पळी घातली, वर उचलली. तार सुटली होती. ती तिनं बाईंना नीट दिसेल इतका वेळ धरून ठेवली.

"अहो, एवढं सगळं टाकवत नाही हो," बाई म्हणाल्या.

"मग मी टाकते," आई म्हणाली. सगळं वरण तिनं त्यांच्याच मोरीत ओतलं, पातेलं घासलं, पालथं घातलं. "भांडी घासायचंच काम हाय माझं."

दुसऱ्या दिवशी ते काम सुटलं. ओतलं त्या दिवशी परत येताना मला अभिमान वगैरे वाटला नाही, लाज वाटली. चारचौघींसारखी आई गप्प का बसत नाही, असं वाटलं. अभिमान वाटायला मला पुढं पंधराएक वर्षं लागली, आणि मग मात्र मी तो सगळीकडे मिरवला. मैत्रिणींना ही गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली आहे, की ते वरण जणू मीच ओतलं होतं.

आता माझ्याविषयी. मी जपानी शिकवते आणि भाषांतरं, दुभाष्याची कामं करते. पुण्यात जपानी शिकलेल्यांना तोटा नाही, दगड मारला तर तो दोन जर्मनवाल्यांना आणि एका जपानीवालीला लागेल. मीसुद्धा जपानी घेतलं ते जर्मनच्या वर्गात जागा उरली नव्हती म्हणून. पण भाषेनं मला धरून ठेवलं, आणि तिच्यावर माझं घर चालतं.

दोनेक वर्षांपूर्वी जपानी सौंदर्यप्रसाधनं मागवणाऱ्या एका लहानशा कंपनीनं मला काम दिलं. हातातोंडाला लावायचं एक क्रीम होतं. त्याच्यासोबत द्यायचं माहितीपत्रक जपानीतून मराठीत आणायचं होतं, आणि पुढं त्यांच्या तज्ज्ञ बाई पुण्यात आल्या की त्यांचं बोलणं पार्लरवाल्या आणि दुकानदारांपुढं मराठीत सांगायचं होतं. क्रीममधला मुख्य घटक कातडीत पाणी धरून ठेवतो. त्याचं नाव लांबलचक आहे, पॉलिग्लुटॅमिक अ‍ॅसिड. पण तो येतो कुठून, ते सोपं आहे. जपानी लोक सोयाबीन वाफवतात, त्यात एक विशिष्ट जंतू सोडतात आणि दिवसभर उबेत ठेवतात. त्याचं नात्तो होतं. ते ढवळून काड्यांनी उचललं की त्याला लांबच लांब चिकट तारा सुटतात. त्या तारांमध्ये हा घटक असतो. आता तो मोठ्या टाक्यांमध्ये आंबवून करतात, पण जंतू त्याच जातीचा आणि तार तीच.

मूळ पत्रकात ‘इतो’ असा शब्द होता, म्हणजे धागा. नात्तोला ‘धागा सुटतो’. मी क्षणभरही विचार न करता ‘तार’ लिहिलं आणि पाठवून दिलं.

कंपनीच्या मॅडमचा लगेच फोन आला. "तार कसं लिहिता आपण? पेठेतली बाई ‘तार’ वाचेल आणि बाटली जागच्या जागी ठेवून देईल."

"पण तारच आहे ती."

"रेशीम लिहा ना. रेशीम सगळ्यांना आवडतं."

"त्यात रेशीम नाहीये."

"रेशमासारखं तर आहे?"

मी ‘रेशमासारखे तंतू’ असं लिहून पाठवलं. सारखं म्हटल्यावर खोटं नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. छपाईआधी तपासायला कागद आला तेव्हा त्यावर ‘रेशमी तंतू’ होतं. ‘सारखे’ जागेअभावी काढल्याचं कळलं. जागेचं म्हणाल तर खाली वीतभर चेरीची फुलं होती. मी सही करून कागद परत पाठवला. पुढची कामं त्यांच्याकडूनच यायची होती आणि मला ती हवी होती. जी मुलगी आईनं वरण मोरीत ओतल्याची गोष्ट सांगत गावभर हिंडली, तिनं हे केलं.

नमुन्याची एक बाटली मिळाली. ती मी आईसाठी घरी आणली, कारण आईचे हात. तीस वर्षांच्या साबणानं आणि भांड्यांच्या पावडरीनं तिच्या बोटांच्या टोकांना भेगा पडलेल्या, अंगठ्याच्या बाजूला दोन खोल चिरा, थंडीत त्यांतून रक्त यायचं. साडीची घडी घालताना बोटं कापडाला अडकायची आणि धागे ओढले जायचे. काम सोडून सहा वर्षं झाली तरी हात कामावरच होते. मलमं आणली, मेण आणलं, डॉक्टर झाले. काही लागू पडलं नाही.

आई साठीच्या पुढं गेल्यावर प्रौढ साक्षरता वर्गात वाचायला शिकली, त्यामुळे ती कागद सोडत नाही. पुड्याचा कागदसुद्धा वाचून मग टाकते. तिनं पत्रक मांडीवर घेतलं आणि अक्षराखाली बोट धरलं. "रे-श-मी तं-तू." मग माझ्याकडे बघितलं. "रेशीम किडं उकळून काढत्यात ना?"

आमच्या घरी कुणी रेशीम नेसत नाही, ते याचसाठी.

"हे तसलं नाही. यात किडा मरत नाही," मी म्हटलं.

हे शब्दशः खरं होतं, आणि म्हणून मला ते साध्या खोट्यापेक्षा जास्त लागलं. पण मला वाटलं, तिचे हात तर बरे होऊ देत. तार म्हटलं असतं तर तिनं बाटलीला शिवलंही नसतं. कशाला सांगायचं?

"चांगलं आहे," मी म्हटलं. "लाव."

ती लावू लागली, सकाळी एकदा आणि दुपारची भांडी आवरल्यावर एकदा. तीन आठवड्यांत बोटांची टोकं भरून आली. अंगठ्याची एक चीर बुजली, दुसरी रेघेएवढी राहिली. एके दिवशी तिनं साडीवरून हात फिरवला आणि तो कुठंही अडकला नाही. तिनं परत फिरवला. शेजारणीला बोलावून दाखवला. "माझ्या लेकीनं जपानचं आणलंय," असं ती सांगत होती आणि मी स्वयंपाकघरात कणीक मळत उभी होते. मला इतका आनंद झाला होता की मी खोटं बोलले आहे हे विसरूनच गेले.

मग त्या तज्ज्ञ बाई आल्या. कर्वे रस्त्यावरच्या एका छोट्या सभागृहात कार्यक्रम होता. आई म्हणाली, "मी बी येते. तू बोलतीस ती भाषा मी कधी ऐकली न्हाय." नको म्हणायला मला कारण सापडलं नाही. ठेवणीतली पांढरी साडी नेसून ती शेवटच्या रांगेत बसली. पहिल्या रांगेत मॅडम होत्या.

जपानी बाई साठीच्या, आखूड केसांच्या, बोलायला मोकळ्या. मी त्यांना सेन्सेइ म्हणत होते, म्हणजे आपल्याकडचं ‘बाई’ किंवा ‘सर’. नोकरीची पहिली पंधरा वर्षं त्यांनी आंबवण्याच्या खोलीत काढली होती, हे त्या मला चहा घेताना अभिमानानं सांगत होत्या. सुरुवातीची दहा मिनिटं ठीक गेली. कातडी, ओलावा, हवा कोरडी झाली की काय होतं, वगैरे. मग त्यांनी पिशवीतून एक डबी काढली. ती त्यांनी मॅडमना दाखवली नव्हती, मलाही नाही. झाकण उघडलं आणि पहिल्या दोन रांगांनी नाकाला रुमाल लावले.

त्यांनी काड्यांनी सोयाबीन चांगलं घोटलं, चिमूटभर उचललं आणि हात खांद्यापर्यंत नेला. डबीपासून काड्यांपर्यंत तारा लोंबल्या, पांढऱ्या, बारीक, तुटता तुटेनात. मागच्यांना दिसेना म्हणून ते उठून उभे राहिले. त्यांत आईही उभी राहिली.

सेन्सेइ म्हणाल्या, हाच तो धागा. बाटलीत जे आहे ते हेच. भाताला असा धागा सुटला तर आम्हीही टाकून देतो, पण हा आम्ही मुद्दाम काढतो, आणि तो काढायला शिकायला मला तीन वर्षं लागली.

आणि त्या थांबल्या, मी मराठीत सांगावं म्हणून.

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. आवाज न करता त्यांनी ओठांनी म्हटलं, ‘रेशीम’. मी शेवटच्या रांगेकडे बघितलं. आई तारेकडे बघत होती. तिला दुभाष्याची गरज नव्हती. असली तार तिनं आयुष्यभर लोकांच्या ओट्यांवर उचलून धरली होती. मी तोंड उघडायच्या आधीच तिला सगळं कळलं होतं. मी ते तोंडानं म्हणते का, एवढंच आता उरलं होतं.

"ही तार आहे," मी म्हटलं. "नासक्या वरणाला सुटते तशी दिसते, पण ही नासून आलेली नाही, मुद्दाम आंबवून काढलेली आहे. भाताला अशी तार सुटली तर या बाईही तो टाकून देतात. ही काढायला शिकायला त्यांना तीन वर्षं लागली." इथपर्यंत सेन्सेइंचं होतं. पुढचं माझं. "तुमच्या हातातल्या कागदावर रेशीम लिहिलंय. ते चूक आहे. यात रेशीम नाही. तो कागद मीच लिहिलाय."

सभागृहात कुजबुज सुरू झाली. एक पार्लरवाल्या बाई बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, "म्हणजे आम्ही गिऱ्हाइकाच्या तोंडाला नासकं सोयाबीन फासायचं?"

"नासणं आपोआप होतं, आंबवणं आपण करतो," मी म्हटलं. "घरी इडलीचं पीठ सकाळी फुगलं की ते फेकून देता का आपण?"

"इडली मी गालाला लावत नाही."

लोक हसले. काय चाललंय, असं सेन्सेइंनी विचारलं. मी अक्षर न अक्षर सांगितलं. त्या जोरात हसल्या, काड्यांवरचा घास तोंडात घातला आणि हनुवटीवर आलेली तार बोटानं गुंडाळून तीही खाल्ली. मग डबी पार्लरवाल्या बाईंपुढं धरली. बाईंनी खाल्लं नाही, पण करंगळी बुडवून दोन बोटांत चोळून बघितली. बराच वेळ चोळत होत्या. मी शेवटच्या रांगेकडे पाहिलं. आईची खुर्ची रिकामी होती.

कार्यक्रम संपल्यावर मॅडम जवळ आल्या. "आपलं जपानी फारच छान आहे," त्या म्हणाल्या. "मराठीचं मात्र काहीतरी बघायला हवं." त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. मला त्याचं वाईट वाटलं. पण रिक्षात बसले तेव्हा माझी मान ताठ होती. मला वाटत होतं, मी आज वरण मोरीत ओतलंय. सगळ्यांसमोर, त्यांच्याच मोरीत. घरी जाऊन आईला सांगायची मला घाई झाली होती.

आई बसनं एकटीच घरी आली होती. ती मोरीपाशी उभी राहून हात धूत होती, भांड्यांच्या साबणानं. बाटली माझ्या टेबलावर, शब्दकोशाच्या शेजारी ठेवलेली होती, झाकण नीट लावून.

"मी खरं बोलले," मी म्हटलं. "सगळ्यांसमोर. काम गेलं माझं."

"ऐकलं मी."

"मग?"

"लोकास्नी खरं सांगितलंस. मला घरात रेशीम सांगितलंस."

मला शाबासकी हवी होती. ती मिळाली नाही म्हणून माझा पारा चढला. "तुझे हात बरे झाले की नाही? बघ जरा त्यांच्याकडे. डॉक्टरांना जमलं नाही ते झालं. आणि आंबवलेलं आपल्याला नवीन आहे का? लहानपणी आंबील कोणी पाजली मला?"

"मी पाजली. मीच आंबवली हुती. कवा भिजवली, कशानं आंबट झाली, समदं मला ठाव हुतं." तिनं नळ बंद केला. "हे मला ठाव नव्हतं. तू मला इचारलं न्हाईस."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हनून इचारलं न्हाईस?"

आई पदराला हात पुसत होती, एकेक बोट सावकाश.

"त्या बाया बी इचारायच्या न्हाईत," ती म्हणाली. "चांगलं हाय, घिऊन जा, म्हनायच्या."

ती मोठ्यानं बोलली नाही. रागानंही बोलली नाही. उलट तिला माझी दया आल्यासारखी वाटली, आणि तेच मला सोसवेना. मी आत जाऊन दार लावून घेतलं. दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. मनातल्या मनात भांडत राहिले: मी तुझ्या भल्यासाठी केलं, मी काय कुणाचं उरलंसुरलं आणलं होतं, नवी कोरी बाटली होती. सगळं खरं होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता. इतकी वर्षं मी स्वतःला पळी उचलणारी समजत होते. या वेळी पातेलं पुढं करणारी मी होते, आणि त्यावरचं झाकणही मीच धरून ठेवलं होतं.

तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "मी आधीच सगळं सांगितलं असतं तर लावलं असतंस का?"

तिनं खरंच विचार केला. "काय ठाव," ती म्हणाली. "लावलं बी असतं. ती म्हातारी बाई खोटी वाटली न्हाय मला. तीन वरसं शिकली म्हनं." मग म्हणाली, "पर आता न्हाय."

त्या थंडीत भेगा परत आल्या. आधी बोटांची टोकं, मग अंगठ्याची बाजू. ती खोबरेल लावते, पायमोजे घालते तसे हाताला जुने मोजे घालून झोपते. सकाळी रक्त दिसलं की मला कळवळायला होतं, आणि तिला ते दिसतं, आणि ती हात मागं घेत नाही. शेजारणीनं विचारलं, "जपानचं संपलं का हो?" तर आई म्हणाली, "संपलं न्हाय. मी बंद केलंय." शेजारणीला काही कळलं नाही. आईनंही समजावून सांगितलं नाही.

मला पूर्वी वाटायचं, आजोबांचा नियम अन्नाचा आहे. शिळं घेऊ नये, नासकं घेऊ नये, एवढाच. तो तेवढा असता तर या बाटलीनं मोडला नसता, कारण बाटलीत नासकं काहीच नव्हतं. माझ्यासाठी काय चांगलं हे मला न सांगता दुसऱ्यानं ठरवायचं नाही, अगदी पोटच्या पोरीनंही नाही, असा तो नियम आहे. तो ज्यांनी घातला ते खेड्यातले होते, अंगठा उठवणारे होते. मी दोन भाषांत पोट भरते आणि मला तो कळायला एवढा वेळ लागला.

म्हणून आता मी विचारते. महिन्या-दोन महिन्यांनी, बाटली समोर ठेवून. काही झाकून ठेवत नाही. जंतू म्हणते, तार म्हणते, टाकी म्हणते. तिला ऐकायला आवडतं. ती प्रश्न विचारते, आणि ते असे असतात, की कधीकधी मला सेन्सेइंना लिहून उत्तर मागवावं लागतं. ऊब किती लागते, जास्त झाली तर काय होतं, कुठं थांबायचं ते कशावरून ओळखतात. सेन्सेइ लांबलचक उत्तरं लिहितात आणि शेवटी, तुमच्या आईंना आंबवण्यातलं कळतं, असं लिहितात. मी तेही वाचून दाखवते. आई म्हणते, "मग, कळायचंच."

परवा पुन्हा विचारलं. ती लसूण सोलत होती. सोयाबीन किती शिजवायचं, बोटानं चेपलं तर कितपत मऊ लागायला हवं, हे तिनं दोनदा विचारून नीट समजून घेतलं. अंगठ्याच्या चिरेत लसणाचा रस गेला तशी ती जरा थांबली, फुंकर घातली, आणि पुढची पाकळी घेतली.

"लावू का मग थोडं?" मी म्हटलं.

"न्हाय," ती म्हणाली.

मी बाटली उचलून ठेवली, आणि का म्हणून विचारलं नाही.